काकीचा कंद आणि माझा घसा

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेच्या शेवटी साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्याने पुढे यायचं, माईक हातात घ्यायचा आणि सरत्या आठवड्यात देवाने आपल्याला काय दिलं ते सांगायचं. कोणी म्हणतं मुलीचा ताप उतरला, कोणी म्हणतं हरवलेली म्हैस सापडली. दोन-तीन वाक्यं, सगळ्यांचं 'आमेन', आणि माणूस खाली बसतो. मी मात्र बसत नसे.

मी घोलवडच्या एका रोपवाटिकेत चिकूची कलमं बांधतो. खिरणीच्या रोपाला चिकूची काडी जोडायची, प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, की पुढचं रोप. या कामात हातांना उसंत नाही आणि तोंडाला उद्योग नाही. सहा दिवस साठलेलं सगळं बोलणं मी सातव्या दिवशी देवाच्या चरणी आणि मंडळीच्या डोक्यावर ओतत असे. एकदा सासुरवाडीहून येताना सायवनच्या चढावर माझ्या मोटरसायकलचं चाक पंक्चर झालं. त्या पंक्चरची साक्ष मी पंधरा मिनिटं दिली. खिळा कोणत्या कारखान्यात जन्मला, रस्त्यात किती दिवस माझी वाट पाहत पडून होता, आणि पंक्चर झालं नसतं तर पुढच्या वळणावर मी ज्या ट्रकखाली सापडलो असतो, तो ट्रक. ट्रक मी पाहिला नव्हता. पण तो होताच, कारण त्याचा हॉर्नसुद्धा मी वाजवून दाखवला. बायका रडल्या. म्हाताऱ्यांनी माझा हात दाबला. माझ्या बायकोने घरी आल्यावर विचारलं, "पंक्चर काढायला पंप कोणी दिला?" मी म्हणालो, "एका माणसाने." ती म्हणाली, "त्याचं नावच नाही आलं साक्षीत."

आमचं प्रार्थनाघर तलासरीकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्यावरच्या एका पाड्यात आहे. विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर आणि छपरावर एक भोंगा. माईकवर बोललेलं सगळं पाड्याला ऐकू जातं, पाड्याला हवं असो वा नसो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आमच्या काकीचा सगळा धर्म त्या भोंग्यावर उभा होता.

काकी म्हणजे माझी नात्यातली काकी नव्हे. सत्तरीच्या त्या बाईला सगळेच काकी म्हणत. तिला मूलबाळ नाही. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी ती आमच्या मंडळीत आली. तिच्या झोपडीला लागून, मध्ये फक्त काठ्यांचं कुंपण, तिच्या जावेचं घर. जावेच्या घरात जुने देव, नवं धान्य आलं की कणसरीची, धान्याच्या देवीची, पूजा. दोघींचं भांडण चाळीस वर्षांचं. आधी ते एका कोंबडीवरून होतं, मग देवावरून झालं, आणि देव मिळाल्यामुळे दोघींनाही हुरूप आला. काकीने बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी जाऊ कुंपणापलीकडून म्हणाली होती, "बघू आता तुझा देव काय वाढतो ताटात."

तेव्हापासून काकी दर रविवारी माईकपाशी यायची. भोंग्याचं तोंड जावेच्या घराकडे आहे, तरी स्वतःचंही तोंड तिकडेच वळवायची आणि एकच साक्ष द्यायची, "या आठवड्यात देवानं मला पोटभर जेवायला दिलं. काही कमी नाय."

बस. ना खिळा, ना ट्रक. माझ्यासारख्या कलावंताला ते सहन होईना. मी तिची नक्कल बसवली. खालचा जबडा पुढे काढायचा, माईक फोनसारखा कानाला लावायचा, मान वळवायची, "काही कमी नाय." हळदीला, साखरपुड्याला लोक म्हणायचे, "अरे, काकी कर ना एकदा!" मी करायचो. काकी समोर बसलेली असली तरी करायचो. समोर असली म्हणजे जास्त रंगायची. ती हसायची नाही, रागावायचीही नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, कलम जगलं की नाही ते बघावं तशी.

आता आमची मूठ. आमच्याकडे घरात जेव्हा जेव्हा चूल पेटते, तेव्हा बाई शिजवायला काढलेल्यातली एक मूठ आधी बाजूला काढते आणि कापडी पिशवीत टाकते. ती देवाची मूठ. जे शिजणार असेल त्यातलीच मूठ, भात असेल तर तांदूळ, भाकरी असेल तर नागली. शनिवारी काम सुटल्यावर मी मोटरसायकलवरून पाड्यापाड्यांत फिरून त्या पिशव्या गोळा करतो आणि प्रार्थनाघरातल्या पिंपात ओततो. त्यातून दोन वाटे निघतात. एक वाटा कमी असलेल्या घरांना. दुसरा पाहुण्याचा: पाड्याबाहेरचा कोणी माणूस मंडळीच्या कामासाठी ज्या घरी जेवेल, त्या घराला एक पायली तांदूळ. पाळकसाहेब महिन्यातून एकदा डहाणूहून येतात, तेव्हा त्यांना जेवायला घालणाऱ्या घराला तो मिळतो. या सगळ्याची वही मास्तर ठेवतात. शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांच्या हातातला खडू कोणी काढून घेतलेला नाही.

कमी असलेली घरं पाच होती. पाचवं काकीचं. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नसे. जन्मभर लावणी करून आणि दगड उचलून तिच्या बोटांच्या रेषाच गेल्या होत्या. ती अंगठा दाबायची, यंत्र टुणटुण करायचं, दुकानदार म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मुद्दाम सांगतो, सगळ्यांना.

आषाढात पिशव्या हलक्या झाल्या. कमिटी बसली. आम्ही पाच जण, मास्तर धरून. एक घर कमी करायला हवं होतं. कोणी नाव घेईना. सगळे जमिनीकडे बघत बसले. आता मला गप्प जमिनीकडे बघणारी माणसं दिसली की अंगात काहीतरी शिरतं. मी उठलो, जबडा पुढे काढला आणि म्हणालो, "या आठवड्यात देवानं मला पोटभर जेवायला दिलं. काही कमी नाय."

हशा पिकला. मग मी वकिलासारखा झालो. "मंडळी, ही बाई दर रविवारी देवासमोर साक्ष देते की तिला काही कमी नाही. माईकवर. आपण सगळे त्याला आमेन म्हणतो. आता तिला गरजू म्हणून तांदूळ दिला, तर आपणच तिला खोटी साक्षीदार ठरवतो की नाही? तिच्या विश्वासाचा हा अपमान नाही का?"

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतके ते हसले. "मुद्दा बिनतोड आहे," म्हणाले आणि वहीत काकीच्या घरावर रेघ मारली. उरलेल्या चार घरांत लहान मुलं होती, हे चांगलं कारण आम्हाला घरी जाताना रस्त्यात सुचलं. मी तर सगळ्या वाटेने शीळ वाजवत गेलो. माझं काकीशी काही वाकडं नव्हतं. मला हशा हवा होता, तो मिळाला. माझ्या आजवरच्या आयुष्यातली सगळ्यात दुष्ट गोष्ट मी इतक्या आनंदात केली.

शनिवारी पिशवी घ्यायला गेलो तेव्हा मीच तिला सांगितलं. कारणही सांगितलं, अगदी वकिलाच्या आवाजात.

"म्हणजे माझ्याच तोंडानं माझा तांदूळ गेला," काकी म्हणाली.

"तसंच काहीसं. पण काकी, सोपं आहे. येत्या रविवारी फक्त एवढंच बोल, की या आठवड्यात जरा कमी पडलं. मग मी बघतो."

"मायकवर?"

"माईकवर."

तिने कुंपणाकडे पाहिलं. पलीकडे जाऊ भांडी घासत होती आणि भांडी जरा जास्तच हळू घासत होती. काकीने स्वतःची पिशवी माझ्या हातात दिली. "जा," म्हणाली.

रविवारी ती उठली, माईक कानाला लावला आणि म्हणाली, "या आठवड्यात देवानं मला पोटभर जेवायला दिलं. काही कमी नाय." मास्तरांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आम्ही दोघं हसू दाबत बसलो.

असे पाच रविवार गेले. काकीचा आवाज तेवढाच मोठा, काकी मात्र बारीक होत चालली. तिचं पोलकं खांद्यावरून घसरायला लागलं. मी नकलेत तीही भर घातली.

सहाव्या शनिवारी तिची पिशवी हाताला वेगळी लागली. आत काहीतरी खडखडलं. वाटेत उघडून पाहिलं, तर सुकवलेल्या कंदाच्या चकत्या. कडूकंद. जंगलात उगवतो. राख घालून उकडायचा, चकत्या टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात दोन-तीन दिवस बांधून ठेवायच्या, तेव्हा कुठे त्यातला कडवटपणा आणि खाज जाते. पाणी कमी मिळालं तर घसा सुजतो, डोकं गरगरतं. पूर्वी पावसाळ्यात आमच्याकडे घरोघर खायचे. आता कंदाची आठवण काढायची ती फक्त पूर्वी किती हाल होते हे सांगायला.

मला तर खजिनाच सापडला. रविवारी साक्षीच्या वेळी मी ती पिशवी घेऊन पुढे गेलो. एक चकती दोन बोटांत धरून वर केली, खिडकीतल्या उजेडात फिरवली. "मंडळी! लोकांनी देवाला तांदूळ दिला, नागली दिली. आपल्या काकीने देवाला कडूकंद दिला! देव स्वर्गात बसून घसा खाजवतो आहे!" आणि मी देवाचा घसा खाजवून दाखवला. काय हसले लोक! छपराचा पत्रा वाजला. भोंग्यातून हसणं सगळ्या पाड्यावर गेलं, जावेच्या घरावरूनही गेलं. काकी मधल्या रांगेत ताठ बसली होती.

माझी बायको बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत होती. ती उठली. ती कधी साक्ष देत नाही, माईक तर हातातही धरत नाही. नेहमीच्या आवाजात, मीठ कुठे ठेवलंय विचारावं तशी, ती मला म्हणाली, "मूठ कशातली काढतात?"

"शिजवायला काढलेल्यातली," मी म्हणालो. अजून हसतच होतो.

"मग तिच्या घरी काय शिजतंय?"

ती पुढे आली. पिशवी माझ्या हातातून घेतली, चकती हुंगली, दाताने किंचित चावली आणि बाहेर जाऊन थुंकली. आत आल्यावर म्हणाली, "धड पाणीसुद्धा मिळालं नाही याला. ओढ्यापर्यंत जायची ताकद नसेल." आणि बसली.

कोणी आमेन म्हटलं नाही. काकी मात्र उठली, हळूहळू चालत माईकपाशी आली, माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाली, "या आठवड्यात देवानं मला पोटभर जेवायला दिलं. काही कमी नाय."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. बायकोने घरच्या कोठीतले तांदूळ पिशवीत भरून माझ्यासमोर ठेवले होते. मी काकीकडे गेलो. ती दारात बसली होती. पलीकडे जाऊ अंगणात काहीतरी पाखडत होती.

"मुठीतला आहे का?" काकीने पिशवीकडे बघून विचारलं.

"नाही. घरचा."

"मग परत ने. मुठीतला देवाचा. तुझ्या घरचा खाल्ला तर भीक झाली. तिला," आणि तिने हनुवटीने कुंपण दाखवलं, "आयुष्यभर पुरेल."

"काकी, मग रविवारी बोल ना. एक वाक्य. कमी आहे एवढंच."

"तू बोलतोस ना खोटं मायकवर, तेवढं पुरे."

"पण हे खरं आहे! तुला कमी आहे!"

"देवानं जेवायला दिलं का नाय? दिलं. कंद दिला. चावायला दोन दात ठेवले. मला कमी पडलं ते तुमच्या पिंपातलं. देवाचं नाव कशाला खराब करू तुमच्यापायी?" मग ती सरकून बसली. "आला आहेस तर बस. जेव."

मी म्हणालो, पोट भरलेलं आहे. तिने ऐकलं नाही. पानावर उकडलेला कंद आला, वर मीठ. मी हात घालणार तोच ती म्हणाली, "प्रार्थना?"

मी डोळे मिटले. देवाचे आभार मानणं हे माझं काम. पंक्चरवर पंधरा मिनिटं बोललेला माणूस मी. "हे प्रभू," मी म्हणालो, "हे अन्न..." आणि पुढे काही येईना. एक डोळा उघडला. काकीचे दोन्ही डोळे उघडे होते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, नेहमीसारखी.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "ती ऐकतेय."

"हे प्रभू, हे अन्न तू दिलंस..."

"आणखी मोठ्यानं. हॉर्न वाजवतोस तसा."

पलीकडचं पाखडणं थांबलं होतं. मी ओरडलो, "हे प्रभू, हे अन्न तू दिलंस म्हणून तुझे आभार!" कुंपणापलीकडून जावेचा आवाज आला, "मीठ पण माग म्हणावं थोडं!"

आणि मी खाल्लं. सगळं खाल्लं, कारण काकी प्रत्येक घासाला मान हलवत मोजत होती. पाचव्या घासाला जीभ चरचरली, दहाव्याला घशात कोणीतरी खाजकुइली कोंबल्यासारखं झालं. मी पाणी मागितलं. ती म्हणाली पाण्याने वाढतं. मी घसा धरून अंगणात उड्या मारत होतो, आणि ती! ती बाई हसायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पलीकडे जाऊही हसत होती. चाळीस वर्षांत त्या दोघींनी एकत्र केलेलं हे पहिलंच काम असावं. काकी तोच कंद शांतपणे खात होती. "सवय होते," म्हणाली.

मला डहाणूला डॉक्टरकडे जावं लागलं. त्याने घशात बॅटरी मारून विचारलं, काय खाल्लंत? मी खुणेने सांगितलं, प्रसाद.

मास्तरांचं म्हणणं पडलं, की ज्याने रेघ मारायला लावली त्यानेच सगळ्या मंडळीसमोर ती पुसायला सांगावं. पुढच्या रविवारी मी माईकपाशी गेलो. खरंच गेलो होतो, पहिल्यांदाच खोटा ट्रक न घेता. सांगायचं होतं की मी हशासाठी एका बाईचा तांदूळ काढून घेतला. तोंड उघडलं आणि घशातून कावळ्यासारखा एक आवाज आला. लोक हसले. मी पुन्हा प्रयत्न केला. आणखी हसले. मग मी हातवारे केले, काकीचा जबडा, वहीवरची रेघ, रिकामं पोट, माझं स्वतःच्या थोबाडीत मारून घेणं. लोकांना वाटलं, नवीन नक्कल आहे. टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यालाही टाळ्या पडल्या. इतकी चांगली साक्ष मी कधी दिली नव्हती आणि तिच्यातला एक शब्दही कोणाला कळला नाही.

मग काकी उठली. माईक कानाला लावला, मान वळवली.

"या आठवड्यात देवानं मला पाहुणा दिला. मंडळीच्या कामासाठी आलेला. माझ्या घरी जेवला. मग देवानं त्याला गप्प केलं. काही कमी नाय." खाली बसता बसता मास्तरांकडे बघून म्हणाली, "पाहुण्याचं घर, मास्तर. एक पायली."

मास्तरांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शिरस्ता तोच होता. बाहेरून मंडळीच्या कामासाठी आलेला माणूस. मी त्या पाड्यातला नव्हतो. कमी असलेल्यांत नाव घालायची गरजच नव्हती. माझा मुद्दा बिनतोड होता, तिचा त्याहून.

"एकाच आठवड्याचा, काकी," मास्तर म्हणाले.

"पाहुणा दर शनिवारी पिशवी न्यायला येतो की," काकी म्हणाली. "दर शनिवारी जेवेल."

मी बोलू शकत नव्हतो. बायकोने माझ्या वतीने सांगितलं, "जेवेल."

आता दोन पावसाळे झाले. दर शनिवारी पिशव्या गोळा करताना मी काकीच्या अंगणात जेवतो. देवाच्या मुठीतला भात असतो, कधी त्यावर सुकट. सुकट कुंपणावरून येते. कोण देतं ते विचारायचं नाही. घासाआधी मी मोठ्याने प्रार्थना करतो, पाड्याच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ताटात अन्न येतं तेव्हा ते कोणकोणत्या हातांतून आलं हे बघायची सवय मला तिथे लागली, आणि लाज वाटण्याच्या आत आभार मानायचीही. माझा घसा पहिल्यासारखा झालेला नाही. ट्रकचा हॉर्न आता वाजत नाही.

गेल्या रविवारी मात्र जरा सूर लागला आणि मी साक्षीत अर्धा तास घेतला. त्यानंतरच्या शनिवारी पानावर भात नव्हता. उकडलेला कंद होता, वर मीठ.

"काकी," मी म्हणालो, "याला पाणी किती मिळालंय?"

"प्रार्थना कर," काकी म्हणाली. "मग कळेल."